पृथ्वीची कंबर एकेचाळीस

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मामांनी डबल बेल मारली आणि मास्तरांचं शिलाईचं दुकान विमान होऊन आकाशात उडालं.

निदान मामांनी तसं जाहीर केलं. मामा तीस वर्षं बसवर कंडक्टर होते. निवृत्त होताना तिकिटांची पेटी, शिट्टी, बिल्ला, सगळं त्यांनी खात्यात जमा केलं, पण बेल मारायची हाताची खोड तेवढी घरी घेऊन आले. आज त्यांनी मास्तरांच्या सुनेच्या सायकलची घंटा काढून दुकानाच्या शटरला टांगली होती.

"चला, पुढं सरका, पुढं सरका."

"कुठं सरकू रे?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "पुढं कटिंगचं टेबल आहे."

"सवय गं, ताई. तू बस. उठायचं नाही. म्हणजे दर तासाला उठायचं, पण मी सांगेन तेव्हा."

दुकानाच्या मधोमध तीन खुर्च्या एका ओळीत दोरीनं बांधल्या होत्या. प्रत्येक खुर्चीला दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकून बसायची जागा बरोब्बर सतरा इंच केलेली. पुढच्या टेबलापर्यंत अंतर एकतीस इंच. ही मापं धाकट्या लेकीनं परदेशातून कळवली होती. मागं जाताना तिनं विमानात बसल्या बसल्या पर्समधून टेप काढून सीट मोजली होती. टेलरची पोर. दुसरी एखादी खिडकीतून ढग बघत बसली असती.

मास्तर गुडघ्यावर बसले, बायकोच्या डाव्या पायाभोवती टेप गुंडाळला आणि म्हणाले, "घोटा, नऊ."

मास्तरीणबाईंनी मांडीवरच्या मापाच्या वहीत पेन्सिल टेकवली, सवयीनं क्षणभर थांबल्या, आणि लिहिलं : नऊ.

हे सगळं चाललं होतं त्याला कारण मामा. आठवड्यापूर्वी तेच तिकीट घेऊन नाचत आले होते. धाकटीचं पहिलंच बाळंतपण, दीड महिन्यावर आलेलं. 'आई, तू ये,' एवढंच ती म्हणाली होती, आणि एवढं म्हणायला तिनं चार फोन घालवले होते. तिकिटावर छापलेलं : निघणार सकाळी नऊ दहाला, पोचणार दुपारी पावणेदोनला. मामांनी बसचं वेळापत्रक वाचावं तसं वाचलं आणि एकातून दुसरं वजा केलं.

"चार तास पस्तीस मिनिटं, भाऊजी! आमची लांब पल्ल्याची गाडी एवढा वेळ नुसती पंक्चरला उभी राहायची."

"इतकंच?" मास्तर मोठ्या मनानं म्हणाले होते. "मग जा की. आम्ही काय नको म्हणतोय?"

मोठं मन चार तास पस्तीस मिनिटांचंच होतं. तेवढ्या अंतरावर माणूस गेलं म्हणजे शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं. कुणाची काजं अडली तर हाक मारून बोलावता येतं.

मग धाकटीचा फोन आला आणि ती हसत सुटली. "मामा, पावणेदोन म्हणजे इथले पावणेदोन. इथली घड्याळं तुमच्या दहा तास मागं आहेत. चौदा तास पस्तीस मिनिटं लागतात, चौदा!"

दुकानात सुई पडली असती तर ऐकू आली असती. खरं तर त्या दुकानात सुया सारख्या पडतच असतात. मामा दोन दिवस फिरकले नाहीत. दहा तास गिळून बसले होते, पचेनात.

मास्तरांना तास पटेनात. नातीचा शाळेतला पृथ्वीगोल त्यांनी कटिंगच्या टेबलावर घेतला आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं माप घ्यायला लागले. आधी कंबर.

"एकेचाळीस," ते म्हणाले.

"वय झालंय हो बाईंचं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

नातीनं पुस्तकात बघून सांगितलं, पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे एक इंच हजाराला थोडा कमी. मग या शहरावर टेपचं टोक दाबून मास्तरांनी तो धाकटीच्या शहरापर्यंत ताणला. पावणेतेरा इंच. बारा हजार चारशे किलोमीटर.

मामांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावली होती, त्यांचे पंधरा हजार आले होते. शिवाय टेप समुद्र सोडून वर बर्फातून चालला होता. "भाऊजी, तुम्ही वळसा घालताय. सरळ जा की."

"मेव्हणे, नकाशा म्हणजे सपाट कापड. ते टेबलावर खोटं बोलतं, अंगावर चढलं की खरं बोलतं. पोटावरून टेप टाकला की त्याला जवळचा रस्ता आपोआप सापडतो."

मास्तरांचं बरोबर होतं. धाकटीनं सांगितलं, विमान बर्फावरूनच जातं. अख्ख्या खानदानात पृथ्वीचं माप बरोबर घेणारे मास्तर पहिले, पण त्यांना त्याचा काही आनंद झाला नाही. बारा हजार चारशे. आयुष्यभरात कापलेलं सगळं कापड जोडलं तरी पोचलं नसतं तिथपर्यंत.

आणि मग डॉक्टर. विमानवाल्यांना त्यांची सही हवी होती. मागच्या वर्षी मास्तरीणबाईंचा डावा पाय सुजून त्या पंधरा दिवस पडून होत्या. साडेचार तास म्हटल्यावर डॉक्टर पेन काढून तयार होते. चौदा म्हटल्यावर त्यांनी पेन खिशात ठेवलं. "एखादा दिवस घरीच बसवून बघा. मधूनमधून उठू द्या, पाणी प्यायला लावा. आधी घोटा मोजा, नंतर मोजा. अर्ध्या इंचापर्यंत सूज ठीक. पुढं गेली तर मी सही करणार नाही."

डॉक्टर बोलायचं म्हणून बोलले होते. पण हे घर बोलायचं म्हणून ऐकणारं नव्हतं.

*

विमान दोन तास नीट चाललं. सात वाजता सुनेनं चहा आणला तो मामांनी तिच्या हातातून काढून घेतला, कारण चहा देणं हे विमानकर्मचाऱ्यांचं काम. त्यांनी तो मास्तरीणबाईंना दिला, आणि कपाच्या बदल्यात रिकाम्या बोटांनी तिकीट पंच केलं.

साडेनऊला थोरला मुलगा आला. दुकान आता तोच बघतो. आल्या आल्या त्यानं विमानाकडं बघायचं टाळलं.

"तीनशे शर्ट आहेत," तो कपाटाला सांगितल्यासारखा म्हणाला. "शाळा सुरू व्हायला पाच आठवडे. एका शर्टाला सात काजं. एकवीसशे. कोण करणार? मी?"

"मी करीन," सून म्हणाली.

थोरला वळला. "तुला कुठं येतात?"

सुनेनं टेबलाखालून एक जुनी उशीची खोळ काढली. तिच्यावर ओळीनं काजं होती, शंभरेक तरी. पहिली माशीनं ओकल्यासारखी. शेवटची अशी की मास्तरांनी चष्मा वर करून बघितली.

"हे कधी शिकलीस?"

"तुम्ही दुपारी घोरता तेव्हा. आईंनी शिकवलं. वन्संनी पहिला फोन केला ना, त्याच दिवसापासून."

म्हणजे कट जुना होता. मास्तरांनी बायकोकडं बघितलं. ती चहा पीत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, म्हणजे सगळं होतं. आजवर या घरात सासू एका बाजूला आणि सून दुसऱ्या, आणि मधे मास्तर मजेत. हे नवीनच निघालं.

"मला तर कुणी सांगतच नाही," थोरला म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू तीनशेऐवजी पाचशे शर्ट घेतले असतेस," मास्तरीणबाई म्हणाल्या.

*

अकराच्या सुमाराला कंत्राटदार आले. पँट शिवायची होती. खुर्च्या बघून त्यांनी विचारलं, आणि मामांनी इतक्या प्रेमानं समजावून सांगितलं की पस्तीस हजार फुटांवर उभ्या माणसाचं माप घेणं सुरक्षित आहे की नाही, अशी त्यांनाच शंका आली.

मास्तरांनी टेप कंबरेभोवती टाकला. "चव्वेचाळीस," ते मोठ्यांदा म्हणाले. आणि खोकले. आणि पुन्हा खोकले.

मास्तरीणबाईंनी खुर्चीतूनच वहीत लिहिलं : शेहेचाळीस.

ही त्या दोघांची बेचाळीस वर्षांची रीत. पोट सुटलेल्या माणसाला त्याचं खरं माप चारचौघांत ऐकवायचं नाही. मास्तर कमी करून सांगणार, आणि जितके इंच कमी, तितकं खोकणार. ती थांबून खोकले मोजणार आणि खरं लिहिणार. गिऱ्हाईक खूश, पँट बरोबर. बाहेरच्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. थोरल्यालाही लग्नानंतर कळलं. धाकटीला मात्र सहाव्या वर्षीच कळलं होतं. टेबलाखाली बसून ती बोटांवर खोकले मोजायची.

पण याची एक बाजू होती. खरा खोकला आला की पंचाईत. कापडाच्या धाग्यांनी मास्तरांचा घसा कायम खवखवायचा. एकदा सर्दीत एका काडीपहिलवान कारकुनाचं माप घेतलं आणि त्याची पँट सात इंच मोठी झाली. तो बिचारा तिच्यात बायकोला घेऊन राहू शकला असता. त्या दिवसापासून मास्तर टेप हातात असताना जीव गेला तरी खरा खोकला खोकत नसत.

"चव्वेचाळीस!" कंत्राटदार खूश होऊन म्हणाले. "मग बसतोच की मी यात. बघू तरी विमान कसं असतं." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते मधल्या खुर्चीत बसले.

बसणं झालं. उठणं होईना.

मामांनी एक हात धरला, थोरल्यानं दुसरा. खुर्ची कंत्राटदारांबरोबर उठली, तिच्याबरोबर दोरीनं बांधलेल्या दोन्ही खुर्च्या उठल्या, आणि त्यातल्या एकीत बसलेल्या मास्तरीणबाई चहाच्या कपासकट वीतभर हवेत गेल्या.

"झटके बसतायत," मामा ओरडले. "सगळ्यांनी घट्ट बसा!"

"मी घट्टच बसलोय!" कंत्राटदार म्हणाले.

शेवटी थोरल्यानं पक्कडीनं फळी उपटली. कंत्राटदार बुचासारखे निघाले, कपडे झटकले आणि म्हणाले, "विमानं लहान करत चाललेत हल्ली." मास्तरीणबाई हसल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. किती दिवसांनी अशा हसतायत, याचा हिशोब मास्तर करायला लागले आणि लागला नाही.

*

दुपारी तीन. निम्म्याच्या पुढं आलो, मामांनी जाहीर केलं. खाली बर्फ आहे, फरशीवर पाय टाकू नका. मग ते स्वतःच फरशीवर आडवे होऊन झोपले.

थोरला रागारागानं आला होता, आईशी शेवटचं बोलायला. मधल्या खुर्चीची फळी निघालेली, म्हणून तिथं बसला. "आई, मी वाईट नाहीये. पण तू नसलीस की बाबा..." एवढं म्हणाला. गणवेशांपायी चार रात्री त्याला धड झोप नव्हती. पुढचं वाक्य आलंच नाही. त्याचं डोकं हळूहळू कललं आणि आईच्या खांद्यावर टेकलं. चाळिसाव्या वर्षी तोंड उघडं टाकून.

मास्तरीणबाई हलल्या नाहीत. दुसऱ्या हातानं त्यांनी शाळेचा एक शर्ट ओढला आणि काज करायला घेतलं.

"अगं, विमानात सुई नेऊ देत नाहीत," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"मग आत्ताच करून घेते."

मास्तर उभेच होते. सकाळपासून ते बावीस वेळा आतबाहेर करून आले होते. तिसऱ्या खुर्चीत बसून बघितलं होतं; दहा मिनिटांत कंबर धरली. आणि ही? दर तासाला उठायची, दुकानात चार फेऱ्या मारायची, पाणी प्यायची, पुन्हा बसायची. ना कण्हणं ना कुथणं.

"तुला त्रास नाही होत?" त्यांनी विचारलं.

"कसला?"

"बसायचा. इतका वेळ. एवढ्याशा जागेत."

मास्तरीणबाईंनी दातानं दोरा तोडला आणि पहिल्यांदा वर बघितलं. "अहो, तुम्ही सगळे सकाळपासून मला बसायला शिकवताय. मी बेचाळीस वर्षं काय करतेय?"

त्यांनी हनुवटीनं कोपरा दाखवला. शिलाई मशीन आणि भिंत यांच्यामधला. तिथं एक बैठं स्टूल होतं, पुढं काजांची टोपली, वर एक दिवा. मशीनवर मास्तर, बाजूला ती. लग्न झाल्यापासून.

मास्तर तिकडं गेले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण हात आपोआप गळ्यातल्या टेपकडं गेला. मशीनच्या कडेपासून भिंतीपर्यंत.

साडेपंधरा.

त्यांनी पुन्हा मोजलं. साडेपंधराच. विमानापेक्षा दीड इंच कमी. आणि गणवेशांच्या दिवसांत, ते आठवायला लागले, सकाळी सहाला बसायचो, रात्री आठपर्यंत. चौदा तास. मधे ती उठायची ती स्वयंपाकाला.

गावातल्या प्रत्येक ढेरीचं माप त्या वहीत होतं. या कोपऱ्याचं नव्हतं.

"किती?" मास्तरीणबाईंनी तिथूनच विचारलं. आवाज खाली ठेवून, थोरला जागा होऊ नये म्हणून.

मास्तरांनी घसा खाकरला. "सतरा," ते म्हणाले. पण खोकला माप वाढवतो; कमी करायला उलटं कसं खोकायचं हे त्यांना कळेना.

"खोटं," ती म्हणाली, आणि पुढच्या काजाला लागली.

साडेपाचला थोरला जागा झाला. त्यानं आईचा खांदा बघितला, स्वतःची लाळ पुसली, आणि कुणाकडंही न बघता बायकोला म्हणाला, "ती खोळ दाखव परत. तुझी काजं जरा जवळ-जवळ येतायत. शर्टाला चालतील." मग दारात जाऊन म्हणाला, "आणि विमानतळावर मी सोडायला जाणार. मामांना घड्याळ बघू देऊ नका."

म्हणजे थोरलाही गेला तिकडं. मास्तरांच्या बाजूला आता मास्तरच उरले होते. आणि तेही ती बाजू आहे, असं कुणाला बोलले नव्हते. वरवर ते हो म्हणूनच बसले होते ना, चार तास पस्तीस मिनिटांच्या वेळी.

*

पावणेआठला मामांनी सिंगल बेल मारली. विमान उतरलं. डॉक्टर वेळेवर आले, खुर्च्या बघून थक्क झाले, आणि थक्क झालेलं न दाखवता फॉर्म काढला.

सुनेनं धाकटीला फोन लावला होता आणि तो कापडाच्या तागांवर टेकवून ठेवला होता. तिकडं सकाळचे पावणेदहा. पडद्यावर ती अवघडून बसलेली, हातात कप, डोळे मोठे करून. मास्तर नेहमी फोनच्या मागं उभे राहायचे. बायकोला खुणा करायचे : जेवली का विचार, पाय सुजतात का विचार. समोर येऊन बोलायचे नाहीत. पोरीला वाटायचं, ती दुकानातली कात्री टाकून परदेशी गेली म्हणून बाबा अजून रागावलेत.

"मोजा," डॉक्टर म्हणाले. "सकाळी किती होता?"

"नऊ," मास्तरीणबाईंनी वही पुढं केली.

"मग साडेनऊपर्यंत मी सही करतो. वहीत लिहा, मी त्यावरूनच उतरवून घेतो. तुमच्याइतकं माप मला यायचं नाही."

मास्तर गुडघ्यावर बसले. त्यांनी घोट्याभोवती टेप टाकला. हा पाय. या पायानं मशीनचं पायडल मास्तर आजारी असताना तीन महिने मारलं होतं. टेप जुळला. त्यांनी आकडा वाचला.

सव्वानऊ.

पाव इंच. पाव इंच काहीच नाही. ती जाणार.

आणि त्याच क्षणी त्यांच्या घशात खोकला उठला.

खरा की कसा, ते देवालाच ठाऊक. दिवसभराचे धागे होते, आणखीही काय काय होतं. नुसतं एकदा खोकलं की झालं. ती सव्वादहा लिहील. बेचाळीस वर्षांत तिनं मास्तरांच्या खोकल्यावर कधी शंका घेतली नव्हती. डॉक्टर फॉर्म घडी घालून खिशात ठेवतील, म्हणतील पुढच्या वेळी बघू. उद्या सकाळी मशीनच्या बाजूला ती असेल. परवाही. कुणाला काही कळणार नाही. खोटं बोललो असंही होणार नाही, सर्दी काय सांगून येते?

"सव्वानऊ," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंची पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. रोज थांबायची, तशीच. प्रत्येक आकड्यानंतर, एक श्वासभर.

फोनमध्ये धाकटीचा कप तोंडाशी जाता जाता थांबला होता.

मास्तरांनी ओठ मिटले. खोकला वर आला, त्यांनी गिळला. तो पुन्हा आला. कानशिलं लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा टेपसारख्या ताणल्या गेल्या. मामा म्हणाले, "भाऊजी, काय होतंय?" मास्तरांनी हातानं त्यांना गप्प केलं. दुसरा हात तिच्या घोट्यावर होता, तो तसाच. ती त्यांच्याकडं बघत होती. बेचाळीस वर्षांत इतका वेळ ती कुठल्याही आकड्यासाठी थांबली नव्हती.

ते खोकले नाहीत.

तिनं लिहिलं : सव्वानऊ. डॉक्टरांनी वहीत बघितलं, फॉर्मवर उतरवलं, खाली सही केली, शिक्का मारला. तिनं वही मिटली, पेन्सिल वहीच्या कण्यात खोवली, आणि वही पाठीमागं, खुर्चीत, आपल्या पाठीशी दाबून ठेवली.

"हं," ती म्हणाली. "आता खोका."

मास्तर खोकले. वाकून, टेबल धरून, अख्ख्या सतरा-एकतीसच्या विमानाला हादरे बसतील असे. सून पाणी आणायला धावली, मामांचा हात बेलकडं गेला. आणि तागांवर टेकवलेल्या फोनमधून, बारा हजार चारशे किलोमीटरवरून, हसतेय की रडतेय ते धड न कळणाऱ्या आवाजात धाकटी ओरडली,

"आई, लिहू नकोस गं!"